पाय कुठे ठेवायचा

बाय, परवा तू पहिल्यांदाच सहा पाहुणे घेऊन एकटी बांबर्ड्याच्या राईत उतरणार. प्रशिक्षणात तुला पक्ष्यांची नावं शिकवली, झाडांची शिकवली, पाहुण्यांशी कसं बोलायचं तेही शिकवलं. पाय कुठे ठेवायचा हे कुणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही, म्हणून बोलावलं. बस इथे खळ्यात.

व्हाळाच्या अलीकडेच सगळ्यांना थांबव. समोर चिखलातून वाकडी मुळं वर आलेली दिसतात ना, ढोपर दुमडून बसलेल्या माणसासारखी, ती आधी दाखव. बाराही महिने पाण्यात राहिलेल्या चिखलात हवा नसते. म्हणून रानजायफळाचं मूळ खालून वर येतं, हवा घेतं आणि वळून पुन्हा चिखलात शिरतं. खाडीतल्या कांदळांचं आपण पाहतो, तसंच हे गोड्या पाण्यात. त्यावर पाय दिला तर झाडाच्या नाकावर पाय दिल्यासारखं आहे, एवढं सांगितलंस की पुढे ओरडावं लागत नाही. लहान मुलांना तर एकदाच सांगावं लागतं. मोठ्यांच्या मात्र पायांकडे लक्ष ठेव. कॅमेरा डोळ्याला लावला की माणसाला स्वतःचे पाय विसरायला होतात.

राई केवढी आहे तेही सांग. 2.59 हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरही नाही. 2021 साली सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. अशा दलदलींना शास्त्रात मायरिस्टिका स्वॅम्प म्हणतात. 1960 साली त्रावणकोरच्या रानातल्या अशा दलदलींवर लिहिलं गेलं, मग कर्नाटकात सापडल्या, गोव्यात सत्तरीच्या बांबरला निरंकाराची राई आहे, आणि महाराष्ट्रात ही आपली. कागदावर नोंद व्हायच्या कितीतरी आधीपासून गावाने ती देवाची म्हणून राखली. राईतली सुकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, हे मी माझ्या आजीच्या धाकातून शिकलो. म्हणून आत शिरताना हात जोड. पाहुण्यांनी जोडलेच पाहिजेत असं नाही, पण तू जोडलेले त्यांना दिसू देत.

सकाळी साडेसहाला निघ. उशीर झाला की ऊन झाडांच्या शेंड्यावर येतं आणि धनेश दूर निघून जातात. सहाच्या वर माणूस घेऊ नकोस, कुणी कितीही पैसे देतो म्हणाला तरी. करकरणारे प्लास्टिकचे रेनकोट घरीच ठेवायला सांग, छत्री बरी. अत्तर नको. पायात पोटरीपर्यंत येणारे जळवांचे मोजे हवेत.

जळवांचं नीट ऐक. पावसात त्या येणारच. पाहुणे खिशातून मिठाची पुडी काढतील, कुणी तंबाखूचं पाणी लावून येईल. गावात आपणही तेच करतो. पण राईत ते नको. बेडकाची कातडी पाण्यातलं सगळं शोषून घेते. आपण मीठ, तंबाखू, डास पळवायचं मलम त्या डबक्यात सांडायचं आणि तिथेच बेडूक बघायला वाकायचं, हे बरोबर नाही. जळूचं तोंड निमुळत्या टोकाला असतं. तिथे कातडीला लागून नख सरकव, ती सुटते. मग जाड टोक सोडव. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेने ते गोठत नाही. फडकं दाबून धरायचं आणि पाहुण्याशी शांतपणे बोलत राहायचं. तू घाबरलीस की सहाच्या सहा घाबरतात.

आता पाण्याकडे. थांबून बघायला शिकव. एका जागी दहा मिनिटं उभं राहायचं, इतकंच. पहिल्या दोन मिनिटांत काही दिसत नाही आणि शहरातली माणसं हळूहळू चुळबुळायला लागतात. त्यांना तसंच राहू दे, बोलून ती वेळ भरू नकोस. मग बेडूकमाशांचा काळा थवा एका अंगाने वळताना दिसतो. खोडाच्या रंगाचा उडता सरडा गळ्याची पिवळी झालर उघडतो. पावसाच्या दिवसांत तिबोटी खंड्या माशासारखा झळकून जातो. तो व्हाळाच्या मातीच्या काठात बीळ करून अंडी घालतो, म्हणून काठाच्या कडेवर कुणाला उभं राहू देऊ नकोस. वरून वजन पडलं की बीळ बसतं. ते बसलेलं तुला वरून कळणारही नाही.

इथे एक सांगतो, जे मी फार कुणाला सांगितलेलं नाही. बरीच वर्षं झाली. जुलैत एका पाहुण्याला उडत्या बेडकाचा फेस दाखवला. मादी मागच्या पायांनी पांढरा फेस घुसळते, त्यात अंडी घालते, आणि तो फेस पाण्यावर झुकलेल्या पानांना चिकटून राहतो. आठवडाभरात पिल्लं फेसातून सुटून टपटप खालच्या पाण्यात पडतात. त्या माणसाला उजेड हवा होता. त्याने फांदी ओढून बाजूच्या वेलात अडकवली, फोटो काढले. मी पाहत होतो. तो मोठा माणूस, मी पोटासाठी फिरणारा. बोललो नाही. फांदी पुन्हा सोडली का, हे बघायचंही सुचलं नाही. चार दिवसांनी गेलो तर ती तशीच अडकलेली, फेस सुकून तपकिरी झालेला आणि खाली नुसती माती. तेव्हापासून मी पाहुण्याचा हात धरतो. तूही धर. त्याला राग आला तर येऊ दे.

हातांवरून आठवलं. राईत आधाराला फांदी धरायची नाही. मलबारी चापडा हा साप पानांत, फांदीवर, व्हाळाच्या दगडावर तासन् तास हालत नाही. कधी हिरवा, कधी तपकिरी, कधी पिवळट. तो रात्री बेडकांची वाट पाहतो आणि दिवसा बऱ्याचदा तिथेच पडून असतो. दिसला तर बोटाने दाखव, काठीने नको. चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही. तो हात किंवा पाय हालू न देता थेट दवाखाना. आपल्याकडचं सर्पविषाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, चापड्यासाठी नाही. तरीही दवाखान्यातच न्यायचं. बाकीची काळजी डॉक्टर घेतात.

हत्तींचं तुला सांगायला नको. 2002 च्या सुमारास ते कर्नाटकातून दोडामार्गात उतरले, तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. ताजं शेण दिसलं किंवा बांबू मोडल्याचा आवाज आला की फेरी तिथेच संपवायची. पैसे परत मागितले तर दे.

आता धनेश, कारण बहुतेक जण त्यासाठीच येतात. उन्हाळ्यात मादी ढोलीत बसते आणि विष्ठेने, फळांच्या गराने दार लिंपून घेते. फट तेवढी उरते. नर दिवसभर त्या फटीतून तिला भरवतो. ढोलीखाली माणसं दिसली की तो चोचीत फळं घेऊन घिरट्या घालतो आणि तसाच परत जातो. आत ती उपाशी राहते. म्हणून ढोलीपासून लांब, झाडाआड बसव. दहा मिनिटांत उठव. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं आपल्या फेरीत नाही, हे निघण्याआधीच सांग.

वाटेत लाल जाळीत गुंडाळलेली बी पडलेली दिसेल. रामपत्री आपल्या मसाल्यात असते ना, तीही अशाच रानजायफळाच्या बीवरची जाळी. पाहुण्यांना हे फार आवडतं, मसाल्याचा डबा आठवतो. पण बी खिशात जाता कामा नये. ती जड असते, आणि सुकली की मरते. धनेश आणि मोठी रानकबुतरं फळ गिळतात, बी लांब नेऊन टाकतात. ओल्या चिखलात पडली तरच रुजते. बोटभर उंचीची, दोन-चार पानांची रोपं तुला वाटेच्या दोन्ही बाजूंना दिसतील. त्यांच्यासाठीच तू पुढे चालायचंस आणि बाकीच्यांनी तुझ्या पावलावर पाऊल टाकत मागे. रांग मोडू देऊ नकोस. पाय पुढे टाकण्याआधी काठीने चिखल चाचपून बघ.

उतरताना माणसं मोज, वर आल्यावर पुन्हा मोज. बुटांचे तळ घरून धुऊन यायला सांग, कारण रानमोडीचं बी बुटाला चिकटून येतं. वर आल्यावर व्हाळात बूट धुवायला कुणी वाकला तर नको म्हण.

माझे गमबूट काल घासून दारामागे ठेवले आहेत. तुला एक नंबर मोठे होतील. आत दोन मोजे घाल.