टोचन करून आणलेली जीप : इंजिन चालू करण्याआधी काय तपासावे?



खानापूरच्या जंगलपट्ट्यात किंवा चोर्ल्याच्या घाटवाटेवर फोर-व्हील जीप बंद पडली की आपण काय करतो? शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावतो, दोर बांधतो आणि चारही चाके जमिनीवर ठेवून तिला टोचन करून घरी आणतो. भाडे वाचले म्हणून समाधान मानतो. पण पुष्कळदा खरा खर्च तिथूनच सुरू होतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची जीप केवळ डिझेलचा पाइप फुटल्याने थांबली होती. पाइप बदलला, जीप चार दिवस धावली आणि मग गिअरबॉक्स ओरडू लागला. भातकापणी तोंडावर असताना जीप तीन आठवडे गॅरेजात पडून राहिली. असे आपल्यावर येऊ नये म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

नुकसान का होते?

गिअरबॉक्सच्या तळाशी तेल असते. इंजिन चालू असले की खालचा शाफ्ट फिरतो आणि ते तेल वर उडवतो. वरच्या मुख्य शाफ्टला व त्यावरच्या गिअरांना त्यातूनच तेल मिळते. आता गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ओढली आणि ट्रान्सफरचा दांडा मात्र टू-व्हीलमध्येच राहिला, तर मागची चाके प्रोपेलर शाफ्टमधून मुख्य शाफ्ट फिरवतात. इंजिन बंद, म्हणून खालचा शाफ्ट उभा. वरचा शाफ्ट मैलोगणती कोरडाच फिरतो. त्याच्या टोकाचे बेअरिंग आणि गिअरांचे बुश तापतात, खरवडतात, कधी चिकटतात. "न्यूट्रलमध्ये होती, मग काय बिघडणार?" हा समज म्हणूनच खोटा आहे.

फोर-व्हील लागलेली असताना डांबरी रस्त्यावर ओढल्यास दुसरी अडचण होते. पुढची आणि मागची चाके वळणावर सारखी फिरत नाहीत. त्यामुळे शाफ्टांत पीळ भरतो आणि दांडा अडकून बसतो. लो गिअरमध्ये, गिअर पाडलेला ठेवून नुसता क्लच दाबून ओढणे तर सर्वांत वाईट. क्लच प्लेट इतक्या वेगाने फिरते की ती फुटू शकते.

तपासणी कशी करावी?

१. आधी विचारपूस करा. किती अंतर ओढली, वेग किती, दोन्ही दांडे कुठे होते, हे ओढणाऱ्याला विचारून लिहून ठेवा. मिस्त्रीला याचा मोठा उपयोग होतो.

२. खाली वाकून पाहा. ऑईल सीलमधून तेल गळते का, क्रॉस ढिला झाला आहे का, कुठे जळका वास येतो का, ते बघा. गाडी नुकतीच आणली असेल तर हात जपून जवळ न्या. गिअरबॉक्स, ट्रान्सफर आणि डिफरन्शियल यांपैकी एकच भाग फार तापला असेल, तर संशय तिथेच धरावा.

३. तेल काढून पाहा. स्वच्छ भांड्यात थोडे तेल घेऊन उन्हात धरा. ड्रेन नटच्या चुंबकावर राखेसारखा बारीक चिकट थर असला तर घाबरू नये. तो झिजेचा असतो. बोटाला टोचणारे तुकडे म्हणजे गिअर किंवा बेअरिंग गेले. पितळी चमक दिसली तर बुश किंवा सिंक्रो रिंग झिजली. तेल दुधाळ असेल तर ओढ्यातून येताना पाणी शिरले; ते तेल बदललेच पाहिजे.

४. हाताने फिरवून पाहा. सपाट जागी चारही चाके उचलून मजबूत घोड्यांवर ठेवा. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कोणीही शिरू नये. ट्रान्सफर न्यूट्रल करून मागचा शाफ्ट हाताने फिरवा. खरखर लागली तर डिफरन्शियलकडचे बोल्ट काढून शाफ्ट सोडवा आणि चाक फिरवा. आवाज चाकाबरोबर राहिला तर दोष डिफरन्शियलमध्ये किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये. शाफ्टबरोबर राहिला तर क्रॉस किंवा ट्रान्सफर पाहावा. दांडा अडकला असेल तर चाके उचलताना दूर उभे राहा. पीळ सुटताना चाक झटक्याने फिरते. पीळ सुटून दांडा मोकळा झाला तर पुष्कळदा काही मोडलेले नसते.

५. इंजिन शेवटी चालू करा. तेल भरून, शाफ्ट परत जोडून आणि ट्रान्सफर न्यूट्रल ठेवून एकेक गिअर टाकून ऐका. खालच्या गिअरांत आवाज आणि सरळ टॉपमध्ये शांतता असेल, तर मुख्य शाफ्टच्या टोकाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. टॉपमध्ये ते बेअरिंग मोकळे फिरत नाही. नंतर चाके वरच असताना ट्रान्सफर टू-व्हीलमध्ये, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच सोडा. थंड तेलामुळे चाके हळू फिरतील; ब्रेक दाबताच ती थांबली पाहिजेत. ती न थांबता इंजिनच दबू लागले, तर गिअर शाफ्टला चिकटला आहे. लगेच इंजिन बंद करा आणि गाडी मुळीच चालवू नका.

काढलेले तेल विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. हाताला लागलेले तेल साबणाने धुवावे. ते त्वचेला अपायकारक असते.

पुढच्या वेळी काय करावे?

शक्य असेल तर गाडी लॉरीवर चढवून आणावी. ओढावीच लागली तर कंपनीच्या पुस्तकात पाहावे. दांड्याच्या ट्रान्सफरला न्यूट्रल असेल तर साधारणपणे ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये, गिअरबॉक्स गिअरमध्ये आणि पुढचे हब मोकळे ठेवतात. लांबच्या अंतराला मागचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवणे अधिक सुरक्षित. चार बोल्टांचे काम गिअरबॉक्सपेक्षा स्वस्त पडते. बटणाच्या किंवा कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्या मात्र पुस्तकाला विचारल्याशिवाय ओढू नयेत.

एक धोका विसरू नका. जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफरच्या मागे असतो. शाफ्ट काढला की तो चाकांना धरत नाही. ट्रान्सफर न्यूट्रल असला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही उतारावर घरंगळते. म्हणून दोर सोडण्याआधी चाकांना मोठे दगड लावावेत आणि मुलांना दूर ठेवावे.

वाटेत अडलेल्याला मदत करणे हा आपला धर्मच आहे. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला आधी पट्टी बांधली, मग आपल्या जनावरावर बसवून नेले. शेजाऱ्याची गाडी ओढताना आपणही तेवढा धीर धरू या : आधी दांडे पाहू, मग दोर बांधू.