प्लगिनची रचना व राखण

संगणकाचा छंद असलेले विद्यार्थी आम्हांस पुष्कळदां विचारतात कीं, शाळेबाहेरच्या चार लोकांस उपयोगी पडेल असें कांहीं आम्हांला रचतां येईल काय? पालकांचा प्रश्न याच्या उलट दिशेनें येतो: हा छंद म्हणजे निव्वळ कालापव्यय तर नव्हे ना? दोहोंचा विचार एकाच उदाहरणावरून करतां येईल, म्हणून प्रस्तुत लेखांत वर्डप्रेस ह्या सुप्रसिद्ध प्रणालीस जोडावयाच्या प्लगिनची माहिती देण्याचें योजिलें आहे. प्लगिन रचणें हें चार संध्याकाळचें काम आहे; तें राखणें हें चार वर्षांचें. रचनेवर पुस्तकें पुष्कळ आहेत. राखणीविषयीं बोलणारे थोडे.

ब्लॉग म्हणजे लेखकानें वेळोवेळीं लिहून इंटरनेटवर प्रसिद्ध केलेली अनुदिनी. अशा अनुदिनीसाठीं मिशेल वाल्द्रीगी नांवाच्या फ्रेंच तरुणानें २००१ सालीं 'बी-टू' नांवाची प्रणाली रचली. पुढें त्याचें तिकडे लक्ष राहिलें नाहीं आणि काम थांबलें. अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील मॅट मुलेनवेग हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी ती वापरीत असे. ही प्रणाली आपण पुढें चालवावी असा विचार त्यानें २००३ च्या जानेवारींत लिहून प्रसिद्ध केला, आणि इंग्लंडमधील माइक लिटल यानें मदतीची तयारी कळविली. २७ मे २००३ रोजीं वर्डप्रेसची पहिली आवृत्ति बाहेर पडली. हें शक्य झालें याचें कारण असें कीं, बी-टूचा मजकूर जीपीएल परवान्याखालीं होता. हा परवाना कोणासही मजकूर वाचण्याची, बदलण्याची व पुन्हां वांटण्याची मोकळीक देतो. म्हणजे वर्डप्रेस हीच मुळीं दुसऱ्यानें खालीं ठेवलेलें काम उचलण्यांतून जन्मास आली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें कारण पुढें येईल.

आतां प्लगिन म्हणजे काय? घर बांधतांना शहाणा गवंडी भिंतींत जागोजाग खुंट्या ठेवून देतो, म्हणजे राहणारास भिंत न फोडतां हवें तें टांगतां येतें. मे २००४ मधील १.२ ह्या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्यें अशा खुंट्या आहेत. त्यांस 'हुक' म्हणतात. त्यांचे दोन प्रकार. पहिला 'अ‍ॅक्शन': अमुक घटका आली कीं तुमचें काम करून घ्या, असें सांगणारा. दुसरा 'फिल्टर': हा पाणी गाळण्याच्या फडक्यासारखा आहे. लेख वाचकाकडे जाण्यापूर्वीं तुमच्या हातांतून जातो, तुम्ही त्यांत फेरबदल करतां आणि तो परत देतां. परत देण्यास विसरल्यास वाचकापुढें कोरें पान जातें; नवशिक्यांची ही नेहमींची चूक आहे. प्लगिनची फाइल पीएचपी भाषेंत असते व तिच्या माथ्यावर 'प्लगिन नेम' म्हणून एक ओळ लिहिली कीं वर्डप्रेस तिला ओळखते. वर्डप्रेसबरोबर वर्षानुवर्षें आलेलें 'हॅलो डॉली' हें चिमुकलें प्लगिन उघडून वाचावें. एका बैठकींत समजतें.

एक उदाहरण घेऊं. लेखाच्या आरंभीं 'वाचनास सुमारें पांच मिनिटें' अशी सूचना आपोआप यावी, एवढेंच करावयाचें आहे. मिनिटास दोनशें शब्द धरावे, लेखांतील शब्द मोजावे, भागाकार करावा, आणि उत्तर फिल्टरच्या साह्यानें लेखाच्या आधीं जोडावें. सारा मजकूर वीस-पंचवीस ओळींचा होतो, आणि इंग्रजी लेखावर तो सुरेख चालतो. मग एकाद्या मराठी लेखकानें तो आपल्या अनुदिनीस जोडला तर वेळ शून्य मिनिटें येऊं शकतो! कारण पीएचपींतील शब्द मोजण्याचें तयार साधन रोमन अक्षरें डोळ्यांपुढें ठेवून केलेलें आहे. देवनागरी त्याच्या लेखीं शब्दच नव्हे. शब्दांमधील मोकळ्या जागांवरून मोजणी केली म्हणजे ही अडचण मिटते. मराठी मुलास हा दोष पहिल्या दिवशीं दिसतो, म्हणूनच आमच्या मुलांनीं ह्या कामांत पडावें असें आम्हांस वाटतें.

असाच प्रश्न भाषांतराचा. प्लगिनमधील वाक्यें मजकुरांत जशींच्या तशीं न लिहितां भाषांतराच्या ठराविक साधनांतून काढावीं, म्हणजे भाषांतरकारास रचनेस हात न लावतां त्यांचें मराठी करतां येतें. येथें एकवचन-अनेकवचनाची मौज आहे. इंग्रजींत नामाला एक अक्षर लावलें कीं पुष्कळदां भागतें. मराठींत 'मिनिट' व 'मिनिटें' हीं निराळीं रूपें. रशियन भाषेंत अशीं तीन रूपें लागतात, अरबींत सहा, आणि जपानींत एकच. यासाठीं वर्डप्रेसनें निराळी सोय केली आहे. ती सोडून स्वतःच अक्षर जोडूं नये.

दोन नियम थोडक्यांत सांगतों. तुमच्या साधनांचीं नांवें दुसऱ्या प्लगिनमधील नांवांशीं जुळलीं तर सारें संकेतस्थळ बंद पडतें. म्हणून प्रत्येक नांवाआधीं आपली खूण लावावी, जसें वर्गांत दोन विजय असले कीं आम्ही आडनांव घेऊन हांक मारतों. दुसरा नियम सुरक्षिततेचा: बाहेरून आलेला कोणताही मजकूर पारखल्याशिवाय सांठवूं नये व निर्धोक केल्याशिवाय दाखवूं नये. प्रतिक्रियेच्या चौकटींत कोणी गोड शब्दांऐवजीं संगणकास द्यावयाची आज्ञा लिहून ठेवली आणि प्लगिननें ती तशीच पानावर उतरविली, तर पुढच्या वाचकाचा ब्राउझर ती पाळील. तुमचें प्लगिन दहा हजार ठिकाणीं असेल तर एका ओळीच्या हयगयीनें दहा हजार दारें उघडतात.

आतां राखणीकडे वळूं. प्लगिनमध्यें एक अक्षरही न बदलतां तें मोडूं शकतें, ही गोष्ट प्रथम कोणास खरी वाटत नाहीं. परंतु तें ज्या भूमीवर उभें असतें ती हलत असते. डिसेंबर २०१५ मध्यें पीएचपीची सातवी आवृत्ति आली आणि माहितीच्या कोठाराशीं बोलण्याचीं जुनीं साधनें तींतून काढून टाकण्यांत आलीं. नोव्हेंबर २०२० मध्यें आठवी आली व आणखी कांहीं गेलीं. डिसेंबर २०१८ मध्यें वर्डप्रेसनें लिहिण्याची खिडकीच पालटली. ऑगस्ट २०२० च्या ५.५ ह्या आवृत्तींत जुन्या जावास्क्रिप्टला आधार देणारा एक दुवा काढला गेला, तेव्हां इतकीं प्लगिनें व सजावटी अडल्या कीं तो दुवा परत बसविण्यासाठीं एक निराळें प्लगिन काढावें लागलें. वर्षांतून दोन-तीन मोठ्या आवृत्त्या येतात. प्रत्येक वेळीं आपलें प्लगिन नव्या आवृत्तीवर चालवून पाहावें, आणि त्याच्या माहितीपत्रकांत 'अमुक आवृत्तीपर्यंत तपासलें' हा आंकडा बदलावा. तीन मोठ्या आवृत्त्यांत तो बदलला नाहीं तर वर्डप्रेसच्या प्लगिनसूचींत तशी सूचना लागते, आणि ती पाहून शहाणे लोक दूर राहतात.

त्याच माहितीपत्रकांत 'स्टेबल टॅग' नांवाची ओळ असते. लोकांस कोणती आवृत्ति द्यावयाची तें ती ठरविते. दुरुस्ती केली पण ही ओळ बदलली नाहीं, तर दुरुस्ती घरांतच राहते आणि लोक तोच दोष पुन्हां कळवितात. परीक्षेच्या आदल्या दिवशीं किंवा परगांवीं निघण्याच्या रात्रीं नवी आवृत्ति काढूं नये, हें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. पण काढणाराच्या आईवडिलांस तें लवकरच कळेल.

वापरणारांचीं पत्रें येऊं लागतात, त्यांविषयीं चार शब्द. कोणी दोष कळवितो, कोणी नवी सोय मागतो, कोणी फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल दरडावतो. दोष कळविणारास आधीं उत्तर द्यावें. सोयी मागणारांस बहुधा नम्रपणें नकार द्यावा. स्वीकारलेली प्रत्येक सोय पुढच्या प्रत्येक आवृत्तींत पुन्हां तपासावी लागते. सोळा वर्षांच्या मुलास अनोळखी प्रौढ माणसाला सभ्य भाषेंत 'नाहीं' म्हणण्याचा सराव दुसरीकडे कोठें मिळेल? पालकांच्या प्रश्नाचें आमचें उत्तर येथें आहे.

शेवटीं एक दिवस कंटाळा येतो किंवा महाविद्यालय सुरू होतें. छंद सोडण्यांत कांहीं वावगें नाहीं; कसा सोडला याला मात्र महत्त्व आहे. 'डिस्प्ले विजेट्स' नांवाचें प्लगिन सुमारें दोन लाख संकेतस्थळांवर होतें. मूळ कर्त्यांनीं तें २०१७ सालीं विकलें. नव्या मालकानें पुढच्या आवृत्त्यांत असा मजकूर घातला कीं, दूरच्या संगणकावरून आलेल्या जाहिराती लोकांच्या संकेतस्थळांवर आपोआप प्रसिद्ध व्हाव्या. कावा असा कीं, प्रवेश करून आंत गेलेल्या माणसास त्या दिसत नसत; म्हणजे घरधन्यास सर्व ठीक दिसे आणि पाहुण्यांस मात्र कचरा. तें सूचींतून एकदां काढलें, दुरुस्तीच्या बतावणीनें परत आलें, असें अनेकदां होऊन त्या वर्षींच्या सप्टेंबरांत कायमचें काढण्यांत आलें. लोकांनीं विश्वास ठेवला होता तो पहिल्या कर्त्यावर. किल्ली मात्र दुसऱ्याच्या हातीं गेली, आणि ती गेल्याचें बहुतेकांस ठाऊकही नव्हतें.

बी-टूचें काम थांबलें तेव्हां तसें झालें नाहीं. मुलेनवेग व लिटल यांनीं निराळें नांव घेऊन उघडपणें आरंभ केला, आणि मागाहून वाल्द्रीगीही त्यांस येऊन मिळाला. ज्यांस थांबावयाचें आहे त्यांनीं म्हणून आधीं तसें जाहीर करावें. वर्डप्रेसच्या सूचींत 'मला दत्तक घ्या' अशा अर्थाची खूण लावतां येते. घेणारा पुढें आला तर प्रथम त्याच्याकडून दोन-तीन दुरुस्त्या करवून घ्याव्या व त्या ओळ न् ओळ वाचाव्या. कोणीच पुढें न आल्यास प्लगिन सूचींतून बंद करण्याची विनंति करावी; अनोळखी खरेदीदारास देण्याहून तें बरें.

ज्यांस प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं 'क्षितिज' हा शब्द घ्यावा. डोळ्यांस त्यांत तीन अक्षरें दिसतात. संगणकाच्या सांठ्यांत तीं सात चिन्हें असतात, आणि प्रत्येकास तीन याप्रमाणें एकवीस बाइट लागतात. पीएचपीचें साधें साधन त्याची लांबी एकवीस सांगेल, बहुबाइटी साधन सात सांगेल. लेखाचा सारांश करतांना पहिल्यानें शब्द तोडला तर चिन्हाचे तुकडे होऊन चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसण्याची भीति, दुसऱ्यानें तोडला तर वेलांटी मागें राहून नुसता व्यंजन उरण्याची. तिसरें साधन डोळ्यांस दिसणारीं अक्षरें मोजतें. तें सर्वच यंत्रांवर नसतें, म्हणून आधीं आहे कीं नाहीं तें विचारावें. त्याचें उत्तर कोठें चार येईल, कोठें तीन. जोडाक्षर न फोडण्याचा नियम युनिकोडमध्यें २०२३ सालच्या १५.१ ह्या आवृत्तींत आला. त्यापूर्वींच्या यंत्रांवर 'क्ष' अजून दोन मोजला जातो. आपल्या यंत्रावर काय येतें तें पाहावें, आणि दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर चालेल असा मजकूर लिहून आम्हांस आणून दाखवावा.