लघवीतील प्रथिन आणि मगजाचा कर्करोग



शरीरात रोग शिरला म्हणजे तो कोठे ना कोठे आपली खूण ठेवतो. ती खूण ओळखणे हे वैद्याचे काम, आणि ती वेळेवर वैद्यापुढे नेणे हे आपले. महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत आम्ही ज्या खुणेविषयी लिहीत आहोत ती लघवीत सापडते. मात्र ती पाहण्याची रीत ठाऊक नसेल तर ती समोर असूनही दिसत नाही.

रक्ताच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन : ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा. ल्युकेमियाचा माग रक्तातील पेशींच्या तपासणीने लागतो. लिम्फोमासाठी गाठीचा तुकडा तपासावा लागतो. मायलोमाचा माग मात्र पुष्कळदा लघवीतील प्रथिनावरून लागतो. म्हणून येथे त्याचाच विचार करू.

आपल्या हाडांच्या पोकळीत मगज असतो. तेथील प्लाझ्मा नावाच्या पेशी रोगजंतूंशी लढणारी प्रथिने तयार करतात. अशा प्रत्येक प्रथिनात दोन जड व दोन हलक्या साखळ्या असतात. मायलोमात एकाच जातीच्या प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात आणि एकाच साच्याचे प्रथिन तयार करीत सुटतात. त्यातील जास्तीच्या हलक्या साखळ्या आकाराने लहान असल्यामुळे मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटून लघवीत येतात. प्रमाण वाढले म्हणजे त्या मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत साचून त्या तुंबवतात. इकडे हाडे पोखरली जातात, रक्तात कॅल्शियम वाढते आणि नवे रक्त तयार होणे मंदावते.

ह्या प्रथिनाच्या शोधाची हकिकत बोधप्रद आहे. १८४५ साली लंडनमधील एक व्यापारी हाडांच्या असह्य वेदनांनी अंथरुणास खिळला होता. डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी त्याची लघवी तपासली. तापवल्यावर त्यात साका धरे, उकळी आल्यावर तो विरघळे आणि निवल्यावर पुन्हा दिसू लागे. हा नमुना सेंट जॉर्ज रुग्णालयातील रसायनज्ञ वैद्य हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे गेला. रुग्ण १ जानेवारी १८४६ रोजी वारला. पण त्याच्या लघवीतील ते प्रथिन आजही ‘बेन्स जोन्स प्रथिन’ ह्या नावाने ओळखले जाते. हे प्रथिन म्हणजेच त्या हलक्या साखळ्या, हे एडेलमन व गॅली यांनी १९६२ साली दाखवून दिले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. निपाणीच्या आसपास तंबाखूचे शेत, तंबाखूची वखार आणि घरोघरी विडी वळणे हा पिढ्यान् पिढ्यांचा व्यवसाय. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसणाऱ्या भगिनींची कंबर दुखली तर त्यात नवल कोणास वाटणार? शेतकऱ्याचेही तेच. ह्या कामाने मायलोमा होतो असे आमचे म्हणणे नाही. कामाच्या कंबरदुखीआड तो सहज लपून राहतो, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १,०२७ रुग्णांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध केली. निदानाच्या वेळी त्यांतील सुमारे ७३ टक्क्यांना पंडुरोग होता, ५८ टक्क्यांना हाडदुखी होती आणि जवळजवळ पाचव्या हिश्शाचे मूत्रपिंड बिघडलेले होते. अशा स्थितीत दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर आधीच त्रासलेल्या मूत्रपिंडावर दुसरा घाव बसतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. दवाखान्यात लघवीत बुडवून रंग पाहण्याची जी पट्टी वापरतात ती मुख्यतः अल्ब्युमिन हे प्रथिन दाखवते. मधुमेह व रक्तदाब यांच्या रुग्णांसाठी ती फार उपयोगी. परंतु हलक्या साखळ्या तिला बहुधा दिसत नाहीत. म्हणजे पट्टीवर ‘प्रथिन नाही’ असे आले तरी बेन्स जोन्स प्रथिन असू शकते. सल्फोसॅलिसिलिक आम्ल घातले असता मात्र दोन्ही प्रकारच्या प्रथिनांनी लघवी गढूळ होते. तेव्हा पट्टी कोरी आणि आम्लाने गढूळपणा, असे दिसल्यास हलक्या साखळ्यांचा संशय घ्यावा.

संशय आल्यावर पक्की तपासणी करतात ती अशी : रक्त व लघवी यांचे प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन आणि रक्तातील ‘फ्री लाइट चेन’. बरोबर हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन व कॅल्शियम पाहतात. अखेरचे निदान मगज तपासून होते. काही रुग्णांच्या लघवीत हे प्रथिन मुळीच येत नाही; म्हणून रक्त व लघवी दोन्ही तपासणे इष्ट.

चोवीस तासांची लघवी गोळा करण्यास सांगितले तर सकाळची पहिली लघवी टाकून द्यावी व वेळ लिहून ठेवावी. त्यानंतरची प्रत्येक वेळची लघवी प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीत साठवावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवी धरून हिशेब पुरा करावा. बाटली थंड जागी ठेवावी. मधली एक वेळ जरी चुकली तरी आकडा चुकतो.

मग सर्वांनीच ही तपासणी करावी काय? नाही. निरोगी माणसांची सरसकट तपासणी करण्याचा सल्ला वैद्यक आज देत नाही. अमेरिकेतील एका जिल्ह्याच्या पाहणीत पन्नाशीपुढील शंभरांत सुमारे तिघांच्या रक्तात असे एकसाची प्रथिन आढळले. पण त्यांतून मायलोमा वा तत्सम रोगाकडे जाणारे वर्षाला शंभरात एकच. अशांना औषध नव्हे, नियमित देखरेख लागते. लघवीत प्रथिन म्हणजे कर्करोग असेही नव्हे. त्याची कारणे बहुतकरून मधुमेह, रक्तदाब व मूत्रपिंडाचे इतर विकार हीच असतात.

परंतु पन्नाशी उलटलेल्या माणसाची पाठ वा बरगडी विश्रांतीनेही न थांबता दुखत असेल, अंगातील रक्त कमी होत असेल, वारंवार न्यूमोनिया होत असेल, लघवीला सतत फेस येत असेल किंवा क्षुल्लक धक्क्याने हाड मोडले असेल, तर ‘वय झाले’ म्हणून गप्प बसू नये. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, “ह्यात मायलोमा तर नाही ना?” बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, निपाणीकरांना कोल्हापूरही जवळ आहे, आणि मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांची सेवा करीत आहे. मायलोमा समूळ जाणे आजही दुर्मीळ. पण नव्या औषधांनी रुग्ण पुष्कळ वर्षे कामाधामात राहू शकतो. मूत्रपिंड शाबूत असताना उपचार सुरू झाले तर हे अधिक साधते.

सभासदांस आमची एक सूचना आहे. आरोग्य शिबिर भरवताना पट्टीची तपासणी अवश्य ठेवावी, पण कोऱ्या पट्टीवरून कोणास ‘कर्करोग नाही’ असे सांगून घरी पाठवू नये. आणि घरातील वडीलधाऱ्यांचे दुखणे एकदा शेजारी बसून ऐकावे. किती दिवस दुखते, रात्री झोप लागते का, गोळ्या किती घेतल्या, हे कागदावर टिपून डॉक्टरांपुढे ठेवावे. तपासणीची सुरुवात तेथूनच होते.