व्होल्ट, अँपिअर आणि ओहम: ड्रायर घेण्याआधी करायचं पाच मिनिटांचं गणित

मागच्या व्हिडिओत फळ्यावर केलेलं गणित भरभर झालं, म्हणून ते इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घ्या, मोबाईलचा कॅल्क्युलेटर चालेल.

उदाहरण आपल्या अलोऱ्याचंच घेऊ. कोळकेवाडी धरणाचं पाणी वापरणारा कोयना प्रकल्पाचा तिसरा टप्पा इथे आहे. प्रत्येकी 80 मेगावॉटचे चार संच, म्हणजे 320 मेगावॉट. एवढी वीज दारात तयार होते, तरी फणसपोळी, आंबावडी किंवा कोकमं सुकवायचा धंदा सुरू करणाऱ्याला पहिल्यांदा अडवते ती वीजच. मे संपत आला की ऊन जातं, फळ मात्र एकदम येतं. ड्रायर कमी पडला तर माल आंबतो, बुरशी धरते, आणि त्या वर्षाचा हंगाम गेला तो गेलाच.

सूत्रं दोनच आहेत. शक्ती (वॉट) = व्होल्ट × अँपिअर. रोध (ओहम) = व्होल्ट ÷ अँपिअर. शाळेत दहावीला केलंय सगळं, फक्त तेव्हा त्यात पैसे नव्हते.

समजा ड्रायरवर 2 किलोवॉट लिहिलंय. 230 व्होल्टला तो किती करंट घेईल? 2000 ÷ 230 = 8.7 अँपिअर. रोध किती? 230 ÷ 8.7 = 26.4 ओहम. हा आकडा वहीत मोठा लिहून ठेवा, कारण हीटरच्या कॉइलचा रोध जवळपास कायम राहतो. बदलतो तो व्होल्टेज.

आता संध्याकाळी व्होल्टेज 190 वर आला. करंट होईल 190 ÷ 26.4 = 7.2 अँपिअर, आणि शक्ती 190 × 7.2 = 1368 वॉट. व्होल्टेज सतरा टक्के घटला, पण उष्णता बत्तीस टक्के घटली! कारण व्होल्टेजबरोबर करंटही घटतो, फटका दोन्हीकडून बसतो. आठ तासांत द्यायची उष्णता आता द्यायला पावणेबारा तास लागतील. युनिट तेवढेच पडतील, 2 किलोवॉट × 8 तास = 16, म्हणून बिल बघून काही कळत नाही. खरं तर थोडे जास्तच पडतील, कारण पेटी जितका वेळ चालू तितकी उष्णता बाहेर निसटते. आणि ओली पोळी तोवर ट्रेमध्ये तशीच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गरजेला अगदी मोजून-मापून ड्रायर घेऊ नका, थोडा मोठा घ्या आणि थर्मोस्टॅटवर चालवा.

(मसाल्याच्या डंखाची किंवा चक्कीची मोटर याच्या उलट वागते. लोड तोच असेल तर व्होल्टेज पडल्यावर ती जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. शिवाय मोटरला नुसतं व्होल्ट × अँपिअर करून खरे वॉट मिळत नाहीत, पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. तो विषय वेगळा.)

सेकंडहँड ड्रायर घेताय? मग हे वाचाच. प्लग काढा, हीटर थंड होऊ द्या, मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि हीटरच्या दोन टोकांना लावा. चालू लाईनवर ओहम कधीच मोजायचा नाही. 26 च्या आसपास आलं तर 2 किलोवॉट खरे. 53 आलं तर? 230 × 230 ÷ 53 = साधारण 1000 वॉट. बहुतेक वेळा आत एकेक किलोवॉटच्या दोन कॉइल समांतर जोडलेल्या असतात आणि त्यातली एक तुटलेली असते. पंखा फिरतो, पेटी गरमही लागते, म्हणून विकणारा म्हणतो "चालू आहे". आणि 106 आलं तर कोणीतरी दुरुस्ती करताना दोन्ही कॉइल एकामागे एक, म्हणजे एकसरीत जोडल्यात. मिळणार फक्त 500 वॉट! कॉइल बदलून मिळते, पण किंमत ठरवताना हा आकडा तुमच्या हातात हवा.

आता वायर. घरापासून शेड 40 मीटरवर असेल तर करंट जाऊन-येऊन 80 मीटर फिरतो. 1 एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण 18 ओहम, म्हणजे 80 मीटरला 1.45 ओहम. 8.7 अँपिअरला 12.6 व्होल्ट वायरीतच गेले, आणि 110 वॉटने वायर तापतेय. अडीच एमएमची वायर घातली तर साधारण 5 व्होल्ट आणि 45 वॉट. उद्या दुसरा ड्रायर त्याच बारीक वायरवर लावलात, तर करंट दुप्पट पण वायरीतली उष्णता चौपट, 440 वॉटच्या घरात. गुंडाळून ठेवलेली एक्स्टेंशन वितळते ती अशी.

हेच गणित मोठ्या लाईनवाल्यांनाही चुकलेलं नाही. 80 मेगावॉट वीज 11 हजार व्होल्टवर पाठवायची म्हटली तर तीन फेजच्या प्रत्येक तारेत साधारण 4200 अँपिअर लागतील. 2 लाख 20 हजार व्होल्टला फक्त 210. करंट विसावा हिस्सा, तर त्याच तारेतला तोटा चारशेवा हिस्सा. एवढे उंच टॉवर त्यासाठी आहेत.

आपल्याला व्होल्टेज वाढवता येत नाही, वायर जाड घेता येते. वायरिंग मात्र लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंग आणि आरसीसीबी पाहिजेच, आपल्याकडे पावसात शेडची जमीन ओली असते.

आता घरचा अभ्यास. वीजबिल काढा, त्यावर "मंजूर भार" शोधा. दोन ड्रायर, पंखे आणि घरातला वापर मिळून किती किलोवॉट होतात ते लिहा. बेरीज मंजूर भारापेक्षा जास्त येत असेल, तर ड्रायरचा ॲडव्हान्स देण्याआधी महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज करा. तुमचे आकडे कॉमेंटमध्ये टाका, मी तपासून देतो.