मुलांचे डोळे लाल झाले तर

वर्षावासात विहारातल्या बालवर्गात एकाचे डोळे आले की आठवड्यात चार मुले डोळे चोळताना आम्ही पाहतो. डोळ्यांत पाहिल्याने साथ लागत नाही. ती लागते हातांनी, रुमालाने, एकाच टॉवेलने. मुलाचा टॉवेल वेगळा ठेवावा, डोळे पुसून झाले की साबणाने हात धुवावेत.

उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापसाचा बोळा भिजवून नाकाकडून कानाकडे पुसावे. प्रत्येक डोळ्याला, दर वेळी, नवा बोळा. चुरचुर होत असेल तर थंड पाण्याची घडी ठेवावी. साधे आलेले डोळे बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात.

काजळ, मध, एरंडेल, अंगावरचे दूध मात्र डोळ्यात घालू नये. आजी घालायची, हे कारण पुरत नाही; केवळ परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेले थेंबही नकोत. त्यांत स्टिरॉइड असले आणि ते बरेच दिवस घातले, तर काचबिंदूने नजर जाऊ शकते.

डोळा दुखत असेल, उजेड सोसत नसेल, धूसर दिसत असेल, पापणी फार सुजली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. महिन्याच्या आतले बाळ असेल तर नुसत्या लालीवरही थांबू नये.