अत्र्यांना मुख्यमंत्री करू नका

सोनिवली, बदलापूर (प.)

चि. बाळास,

तुम्ही मित्रांनी मिळून रचायला घेतलेला इतिहास वाचला. द्वैभाषिक मुंबई राज्य १९६० साली फुटलंच नाही, ही कल्पना झकास. मुख्यमंत्र्यांची यादी मात्र पटली नाही. १९५७ ला आचार्य अत्रे, मग एसेम जोशी! ही तुमच्या लाडक्या माणसांची यादी झाली.

मुख्यमंत्री कोण, याच्या आधी त्याला निवडणार कोण ते ठरवा. १९५६ मध्ये मोरारजी देसाईंना बिनविरोध निवड हवी होती. भाऊसाहेब हिरे आडवे आले, मोरारजी बाजूला झाले आणि त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव चव्हाण हिऱ्यांना हरवून नेते झाले. बाहेर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजत होत्या. खुर्चीचा निकाल लागला तो काँग्रेस आमदारांच्या बैठकीत.

१९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचं पानिपत केलं. अत्रे दादरमधून निवडून आले, एसेम पुण्यातून. तरी विदर्भ, मराठवाडा नि गुजरातच्या जोरावर काँग्रेसचं राज्य टिकलं. बरं, धरून चालू की समिती आणि इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात जनता परिषद मिळून बहुमतात आली. दोघांची मागणी एकच: राज्य वेगळं करा. मग तुमचे एसेम पहिला ठराव विभाजनाचाच आणणार, आणि तुमची कथा दुसऱ्या पानावर आटोपणार! तिथेच तुमची यादी कोसळते, अत्र्यांच्या स्वभावापर्यंत जायचीही गरज नाही.

उल्हासनगरच्या तुझ्या मित्राचं प्रकरण तर कहरच. फाळणी टाळली आणि वर उल्हासनगरचा सिंधी मंत्री केला! फाळणी नाही, तर निर्वासित कुठले? तिथे नुसती कल्याणची लष्करी छावणी उरते. मृत्यूच्या तारखाही उगाच हलवू नका. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. त्यांना १९५८ च्या मंत्रिमंडळात बसवायचं तर आधी कारण लिहा.

आता १९६२ बघ. चीनचं आक्रमण तुम्ही तसंच ठेवलंय, म्हणजे चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला जाणार. त्यांच्या जागी माझ्या मते डॉ. जीवराज मेहता. माणूस अमरेलीचा, पण मुंबईत केईएमचे डीन होते; चव्हाणांच्या द्वैभाषिक मंत्रिमंडळात अर्थखातं सांभाळलं आणि पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. मुंबईला परके नाहीत, गुजरातला घरचे. वय पंचाहत्तर आणि मोरारजींच्या गटाशी बेबनाव, म्हणजे वारसदारीची चुरस तुम्हाला आयतीच मिळाली. त्यात पुसदच्या वसंतराव नाईकांना विसरू नका. १९५६ ला त्यांच्यावर पैज कुणी लावली असती? खऱ्या इतिहासात ते अकरा वर्षं मुख्यमंत्री होते.

अत्र्यांना विरोधी बाकावर बसवा आणि त्यांची भाषणं तू लिही. बाकीच्यांना ते झेपणार नाही. रविवारी आलास तर खऱ्या इतिहासात चव्हाणांच्या जागी आलेल्या कन्नमवारांचं काय करायचं तेही बघू.

तुझा,
मामा