बरं वाटलं ते कशानं?

कापूस वेचणी सुरू झाली, पहाटे गारठा पडू लागला की सिकलसेलची मुलं माझ्याकडे जास्त येऊ लागतात. मागच्या हिवाळ्यात इंद्रवेल्लीकडच्या एका गुड्यावरून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पोरीच्या पिंढऱ्या आणि मनगटं ठणकत होती, डोळ्यांत पिवळेपणा होता. आईनं पिशवीतून आधी काचेची बोटभर बाटली काढली, साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांनी अर्धी भरलेली. मग चार घड्या घातलेलं सिकलसेलचं कार्ड काढलं. हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूलची शेवटची नोंद साडेतीन महिन्यांपूर्वीची होती.

“बाई, ह्या गोळ्या सुरू केल्या तर दोन महिने दुखलंच नाही बघा. मग कॅप्सूल कशाला द्यायच्या, म्हणून बंद केल्या.”

ती खरंच बोलत होती. दोन महिने पोरीला दुखलं नव्हतं. प्रश्न एवढाच की कशामुळे दुखलं नव्हतं, आणि आजचा लेख त्याच प्रश्नावर आहे. होमिओपॅथीनं अमुक आजार बरा झाल्याच्या कहाण्या, ज्यांना ‘केस स्टडी’ म्हणतात, त्या बेला, जैनद, तामसीकडचे पालक मला मोबाइलवर नेहमी दाखवतात. कुठे दमा, कुठे मूतखडा, कुठे मुलांची फिट.

सिकलसेलची कळ येते, चार-आठ दिवस जीव नकोसा करते आणि ओसरते. मग कधी काही आठवडे, कधी काही महिने शांततेत जातात. माणूस नवं औषध शोधायला कधी निघतो? कळ अगदी टिपेला असते तेव्हा. म्हणजे त्यानंतर उतारच यायचा असतो. त्या उतारावर घेतलेलं काहीही गुणकारी वाटतं, मग ती गोळी असो, अंगारा असो की माझं एखादं अनावश्यक टॉनिक. शिवाय आधी घेतलेल्या कॅप्सूलचा असर बंद केल्या दिवशीच संपत नाही, तो हळूहळू ओसरतो. त्या दोन महिन्यांचं श्रेय बाटलीला गेलं आणि कॅप्सूलचं काम कुणाच्या लक्षातच आलं नाही.

हीच गफलत फार मोठ्या प्रमाणावरही होऊ शकते, आणि तिचं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. आदिलाबाद तेव्हा आंध्र प्रदेशात होतं. 1999 साली राज्यात जपानी मेंदूज्वराची मोठी साथ आली, आणि सरकारनं मुलांना होमिओपॅथीच्या तीन औषधांचा संच द्यायची मोहीम हाती घेतली: बेलाडोना, कॅल्केरिया कार्ब आणि ट्यूबरक्युलिनम. पुढच्या दोन-तीन वर्षांत रुग्ण घटले. होमिओपॅथीचा विजय म्हणून ही घट आजही सांगितली जाते.

पण हा आजार कसा वागतो ते पाहा. धानाच्या बांध्यांत वाढणारा क्युलेक्स डास त्याचा विषाणू डुकरं आणि बगळ्यांकडून माणसाकडे आणतो. पाऊस, डास, डुकरं यांच्यावर साथ अवलंबून असल्यानं एक वर्ष भडकते, दुसऱ्या वर्षी आपोआप निवते. त्याहून महत्त्वाचं, लागण झालेल्या साधारण 250 जणांत एकालाच मेंदूज्वर होतो. बाकीच्यांना लागण झाल्याचं कळतही नाही. म्हणजे लागण झालेल्या 250 मुलांना मी नुसती खडीसाखर दिली, तरी 249 आया मला आशीर्वाद देतील. औषधानं काही झालं का, हे ठरवायला गोळ्या न घेतलेली तशाच गावांतली तशीच मुलं शेजारी मोजावी लागतात. या मोहिमेत तशी तुलना झालीच नाही.

पुढची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. 2003 च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात 329 मुलांना मेंदूज्वर झाला, 183 दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं शोध घेतला तेव्हा या उद्रेकाशी चांदीपुरा विषाणूचा संबंध आढळला. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात 1965 मध्ये सापडलेला हा विषाणू, वालुमाशीतून पसरणारा. आपण ज्याला सरसकट मेंदूज्वर म्हणतो त्याखाली वेगवेगळे आजार दडलेले असतात. कुठला आला आणि कुठला गेला हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, मग गोळीनं कुठला थांबवला ते कसं सांगणार? जपानी मेंदूज्वरावर लस आहे. 2005 मधल्या उत्तर प्रदेशातल्या साथीनंतर, 2006 पासून देशात तिच्या मोहिमा सुरू झाल्या. ज्या भागात ती लसीकरणात आहे तिथे मुलाची मात्रा चुकवू नका.

होमिओपॅथीवाल्यांनी तुलना करून पाहिलीच नाही, असं मात्र नाही, आणि ज्यांनी प्रामाणिकपणे केली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. अमेरिकेतल्या डॉ. जेनिफर जेकब्स यांनी निकाराग्वात 81 मुलांवर जुलाबाचा अभ्यास केला, तो 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. क्षारसंजीवनी सगळ्यांना होती, निम्म्यांना सोबत होमिओपॅथी, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. होमिओपॅथीच्या गटाचे जुलाब थोडे लवकर थांबले. ही बातमी जगभर गेली. पुढे त्यांनीच होंडुरासमध्ये 292 मुलांवर, या वेळी अनेक औषधांची एकत्र गोळी देऊन, पुन्हा तपासलं. फरक आढळला नाही, आणि 2006 मध्ये त्यांनी तेही छापलं. कहाण्या फिरवणारे पहिला अभ्यास सांगतात, दुसरा गाळतात. 2009 साली जागतिक आरोग्य संघटनेनं क्षयरोग, एचआयव्ही, मलेरिया, फ्लू आणि तान्ह्या मुलांचे जुलाब यांवर होमिओपॅथीचा भरवसा धरू नका, असं स्पष्ट बजावलं. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं 61 आजारांवरचे अभ्यास चाळून 2015 मध्ये सांगितलं की एकाही आजारावर ती गुणकारी असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही.

मला याचं नवल वाटत नाही. बाटलीवर ‘30’ लिहिलेलं असतं, म्हणजे मूळ औषधाचा एक थेंब शंभरात मिसळायचा, त्यातला एक पुन्हा शंभरात, असं तीस वेळा. बाराव्या खेपेनंतरच मूळ द्रव्याचा एखादा कणही उरण्याची शक्यता जवळजवळ संपते.

मग लोकांना बरं का वाटतं? पुष्कळ आजार आपोआप बरे होतात हे एक. दुसरं, होमिओपॅथीचा डॉक्टर अर्धा-पाऊण तास बसून ऐकतो. झोप कशी लागते, तहान किती, भीती कशाची वाटते, सगळं विचारतो. आमच्या ओपीडीत रांग दारापर्यंत असते आणि एका रुग्णाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. ही आमची उणीव आहे, ती मी मान्य करते. ऐकून घेतल्यानं माणसाचा जीव हलका होतो, दुखणंही थोडं सुसह्य होतं. पण जुलाबानं पोराच्या शरीरातलं आटलेलं पाणी त्यानं भरून निघत नाही.

म्हणून जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण ओता. अर्धं पाकीट ग्लासात, असं करू नका, प्रमाण बिघडतं. दर जुलाबानंतर चमच्यानं पाजा, ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा पाजा. झिंकची गोळी 14 दिवस, जुलाब थांबले तरी. सहा महिन्यांखालच्या बाळाला 10 मिलीग्रॅम, मोठ्याला 20. अंगावरचं दूध सुरूच ठेवा. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली की कुठलीही गोळी करून पाहत बसू नका, दवाखाना गाठा.

सर्दी-पडशाला, साध्या अंगदुखीला कुणी त्या पांढऱ्या गोळ्या घेत असेल तर मी भांडत नाही. पण फिटची, दम्याची, क्षयाची, साखरेची किंवा सिकलसेलची चालू औषधं कुणाच्या कहाणीवरून बंद करू नका. आणि काय काय घेता ते माझ्यापासून लपवू नका, मी रागावणार नाही.

त्या आईला मी रागावले नाही. पोरीला सलाईन लावली, दुखणं कमी करणारं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. मग कार्ड उलगडून आईला दाखवलं की कॅप्सूल नेमानं चालू होती त्या वर्षभरात कळ दोनदा आली, आणि त्याआधीच्या वर्षी पाचदा. एका पोरीच्या कार्डावरूनही काही सिद्ध होत नाही, हे मी तिला सांगितलं. पण अमेरिकेत 299 प्रौढ रुग्णांवर तुलना करून पाहिली होती. 1995 मध्ये छापलेला त्याचा निष्कर्ष असा की हे औषध घेणाऱ्यांत कळांचं वर्षाचं प्रमाण अडीच होतं, न घेणाऱ्यांत साडेचार. ताप आला तर सिकलसेलच्या मुलाला त्याच दिवशी दाखवायचं, वेचणीला नेलं तर अंगात स्वेटर आणि सोबत पाण्याची बाटली द्यायची, हेही सांगितलं.

आईनं काचेची बाटली पुन्हा पिशवीत ठेवली. कार्ड मात्र ठेवलं नाही, हातातच धरलं आणि विचारलं, “पुढची तारीख कोणती लिहिली?”